कोरलेले टायर आणि बुचाची दोरी

बोईसरच्या एका टायरवाल्याने मला फसवलं. नवे म्हणून त्याने मला चार टायर विकले आणि चारही जुने निघाले. झिजून गुळगुळीत झालेल्या रबरावर गरम पात्याने नव्या खाचा कोरल्या होत्या आणि वरून काळं पॉलिश मारलं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला माझ्याबद्दलही काही सांगावं लागणार आहे, आणि ते वाचून कोणी म्हणू नये की सगळी चूक बाईचीच होती. बाईची जेवढी होती तेवढी बाई सांगेल. टायरवाल्याची त्याने सांगायची आहे, आणि तो अजून तोंड उघडत नाही.

या सगळ्यात माझ्या ड्रायव्हरचं लायसन अडकलं आहे. गाडी चालवताना तो झोपला, असं सरकारी कागदावर लिहिलंय. तो झोपला नव्हता. येत्या सोमवारी परिवहन खात्याच्या साहेबांपुढे सुनावणी आहे आणि त्या दिवशी ठरेल की तो पुन्हा गाडीवर बसणार की विक्रमगडच्या वरच्या पाड्यावर नाचणीच्या तुकड्यात आयुष्य काढणार.

मी सातपाटीची. बारा वर्षांची असल्यापासून डोक्यावर टोपली घेतली. आधी पायी, मग एसटीने, मग सहा जणींत मिळून रिक्षाने, आणि आता स्वतःच्या पिकअपने बोईसरच्या बाजारात म्हावरं नेते. पिकअप कर्ज काढून घेतली आणि कोणाकडे हात न पसरता फेडली. भाव करण्यात मला आजवर कोणी हरवलेलं नाही. कंपनीच्या कॉलनीतल्या मॅडम लोकांना वाटतं की त्या माझ्याकडून स्वस्तात पापलेट नेतात. त्यांना तसं वाटू देण्याचेच तर मी पैसे घेते.

टोपली डोक्यावर असली की एक गोष्ट शिकावी लागते. भरली टोपली घेऊन धावत असाल तर मनात आलं आणि थांबलो, असं होत नाही. पाय थांबतात, टोपली पुढे जाते. म्हणून एसटी दिसली की आम्ही धावायचो, पण दोन घरं आधीपासून वेग कमी करत आणायचो. होड्यांची मासळी उतरते त्या धक्क्यावर तर त्याहून जपून. तिथे खवले, बर्फाचं पाणी, मासळीचा चिकटा. नवी सून पहिल्या आठवड्यात एकदा तरी तिथे आपटते आणि जुन्या बायका हसतात. मग कोणीतरी मूठभर वाळू टाकतं आणि म्हणतं, "आता चाल." चाळीस वर्षं माझ्या तळपायांना हे ठाऊक आहे. पण पिकअपलाही तळपाय असतात, हे मात्र माझ्या डोक्यात शिरलं नाही.

टायर घ्यायची वेळ आली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, पालघरला शोरूममधनं घेवया. बिलासकट."

"शोरूमच्या एसीचं बिल मी कशाला भरू?" मी म्हटलं.

बोईसरच्या नाक्यापुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये तो टायरवाला बसतो. तोंडात साखर. "या ताई, बसा ताई, चहा सांगू का ताई." मी चहा नाकारला. चहा घेतला की भाव पाडता येत नाही. मग माझं नेहमीचं सुरू झालं. आधी एकाचा भाव विचारला, मग चारचा, मग मालाला नावं ठेवली, मग पाठ फिरवून रस्त्यापर्यंत गेले. त्याने हाक मारली. मी वळले नाही. दुसरी हाक आली तेव्हा वळले. भाव इतका उतरला होता की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

"ताई, याच्या खाली नाही जमणार. फक्त एक करा, बिल नका मागू. मग अजून थोडं सोडतो."

"बिल मी काय चुलीत घालू? सोड."

त्याने सोडलं.

शेडच्या मागे एक माणूस खाली बसून टायरवर लाल झालेलं पातं फिरवत होता. रबर जळाल्याचा वास येत होता. मी तो पाहिला, आणि मला वाटलं पंक्चर काढतोय. मी, जी पापलेटचा कल्ला उघडल्याशिवाय पैसे काढत नाही. बोटाने दाबून बघते, डोळा बघते, वास घेते. शिळ्या म्हावऱ्यावर पाणी मारून चकाकी आणणारे मला वीस पावलांवरून ओळखू येतात. आणि त्या दिवशी चार काळे कुळकुळीत टायर चमकताना पाहून मी खूश झाले. ड्रायव्हर वाकून एका खाचेत नख घालत होता.

"काय बगतंस? म्हावरं हाय काय ते?" मी त्याला म्हटलं.

तो उठला. तो माझं ऐकतो. हाच त्याचा दोष.

आता दोरीचं सांगते. पिकअपच्या हौद्यात पत्रा असतो, त्यावर क्रेट, क्रेटमध्ये बर्फ आणि म्हावरं. बर्फ वितळतो आणि ते पाणी खाली साठतं. त्या पत्र्याला मागे एक भोक असतं आणि भोकाला बूच. गावात बूच उघडं ठेवलं तर घराघरांतून शिव्या येतात, आणि पालघरमध्ये वाहतूक पोलीस शिटी मारतो. म्हणून गाव संपून खाडीकाठचं खाजण लागतं तिथल्या वळणावर गाडी थांबवायची, ड्रायव्हरने उतरायचं, बूच काढायचं आणि पाणी वाहून जाईपर्यंत उभं राहायचं, अशी सगळ्या टेम्पोवाल्यांची रीत होती.

एकदा टेम्पोवाल्यांची बैठक झाली. एक म्हातारा म्हणाला की वळणाला घाण होते, सगळ्यांनी मिळून बाजूला खड्डा खोदू या, गाडी खाली घेऊन तिथे पाणी सोडू. मी उभी राहिले. म्हटलं, "खाली उतरा, वर चढा, रांग लावा. तोवर बोईसरचं गिऱ्हाईक चिकन घेऊन घरी जाईल. मी सांगते त्ये करा." आणि मी माझी युक्ती सांगितली. बुचाला दोरी बांधायची, दोरी कॅबिनच्या खिडकीपर्यंत आणायची. वळण आलं की चालत्या गाडीतून ओढायची. थांबायलाच नको. म्हातारा काहीतरी म्हणत होता, पण माझा आवाज मोठा आहे. आठवडाभरात सगळ्या गाड्यांच्या खिडकीत दोऱ्या लटकू लागल्या. शेजारच्या मुरबे गावच्या गाड्यांनीही माझंच पाहून तसं केलं. पूर्वी पाणी एका जागी सांडायचं. आता अख्ख्या वळणभर सारवलं जायचं, रोज सकाळी, एकामागून एक.

दिवाळीनंतरची सकाळ होती. आभाळ स्वच्छ. आमच्या पुढे सात-आठ गाड्या गेल्या होत्या. मी कॅबिनमध्ये बसून फोनवर एका हॉटेलवाल्याशी सुरमईचा भाव करत होते. वळणाच्या पलीकडे कंपनीची बस कामगार घ्यायला उभी होती. मला एवढंच आठवतं की ड्रायव्हर "ए, ए" म्हणाला, बसचं मागचं अंग शांतपणे मोठं होत गेलं आणि आमच्या गाडीने ना करकर केली, ना धक्का दिला. होडी पाण्यावरून सरकावी तशी ती सरकली. शेवटी त्याने चाक डावीकडे ओढलं आणि आम्ही बस चुकवून खाजणाच्या चिखलात नाक खुपसून थांबलो. बसपाशी उभा असलेला एक कामगार घाबरून उडी मारताना पडला आणि त्याचं मनगट मोडलं. ड्रायव्हरच्या खांद्याचं हाड मोडलं. माझी सुरमई खेकड्यांच्या बिळांवर पसरली.

बसमधले लोक उतरले. "सो गया था क्या?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "ब्रेक ही नहीं मारा साले ने."

मी चिखलातून वर आले. मला खरचटलंही नव्हतं, आणि मला राग आला की माझी जीभ माझ्या आधी पोचते. कॅबिनमध्येच खांदा धरून बसलेल्या त्या माणसावर मी पंधरा-वीस लोकांसमोर ओरडले, "झोपला व्हतंस काय रे? डोळे फुटले काय तुजे?"

"बिरेक दाबला व्हता, मावशी," तो म्हणाला. "पाय अजून तितंच हाय बगा."

मी पाहिलं नाही. मी क्रेट मोजत होते.

हवालदार पंचनाम्याला आला तोवर अकरा वाजले होते. ऊन चढलं होतं आणि म्हावऱ्याचं पाणी वाळून गेलं होतं. हवालदार रस्त्यावर मागे-पुढे चालला. डांबरावर चाकांचे काळे पट्टे शोधत होता. एकही मिळाला नाही. मग त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: रस्ता कोरडा व सुस्थितीत. ब्रेक मारल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. वाहनमालक महिलेच्या म्हणण्यानुसार चालक झोपेत होता.

माझं नाव गावात मोठ्या तोंडाची म्हणून आहे. एवढ्या वर्षांत माझं एकही वाक्य सरकारने लिहून घेतलं नव्हतं. घेतलं ते हे.

चार दिवसांनी परिवहन खात्याची इन्स्पेक्टर गाडी तपासायला पोलीस ठाण्याच्या आवारात आली. पंचवीस-सव्वीसची पोर, केस घट्ट बांधलेले, हातात टेप. तिने पिकअप सुरू केली, आवारात एक फेरी मारली आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

"ब्रेक उत्तम आहेत," ती म्हणाली आणि लिहू लागली.

रस्ता कोरडा, ब्रेक उत्तम, खुणा नाहीत. म्हणजे तो झोपलाच होता. असं मलाही क्षणभर वाटलं, आणि वाटलं म्हणून अजूनच राग आला.

"मॅडम, ब्रेक चांगला हाय तर गाडी थांबली का नाय?"

"काकू, ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडीला रस्ता थांबवतो."

"म्हंजे?"

तिने वर पाहिलं. इतर अधिकारी अशा वेळी घड्याळ बघतात. ही खाली बसली आणि तिने खडूने जमिनीवर एक रेघ मारली. म्हणाली, चाक थांबलं तरी गाडीचा पुढे जाण्याचा जोर संपत नाही. तो जोर टायर आणि डांबर एकमेकांना घासून संपवतात. कोरड्या डांबरावर पकड चांगली असते, म्हणून रबर घासून काळा पट्टा उमटतो. पकडच नसेल तर चाक जाम होतं आणि गाडी तशीच सरकत जाते. पट्टा उमटत नाही, कारण काही घासलंच जात नाही.

"पण माझी गाडी भरलेली व्हती. भार जास्त तर पकडही जास्त, नाय?" मी सौदा सोडायला तयार नव्हते.

"पकड वाढते. पण थांबवायचं वजनही तेवढंच वाढतं. एका हाताने मिळतं ते दुसऱ्या हाताने जातं. त्यात तुमचा काही फायदा नाही."

तिने मग दुसरी रेघ मारली, पहिलीच्या चौपट लांब. "आणि वेग दुप्पट केला की ब्रेक दाबल्यानंतरचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. शिवाय समोरचं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जेवढी पळते ते वेगळंच."

मी त्या लांब रेघेकडे पाहत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा असा भाव ऐकला जो पाठ फिरवून चालू लागल्याने उतरणार नव्हता.

मग तिचं लक्ष टायरकडे गेलं. तिने पेनचं टोपण खाचेत घातलं. टोपण आत जाईना. नखाएवढी खोल खाच. दुसऱ्या टायरमध्ये कोरताना पातं इतकं खोल गेलं होतं की रबराच्या आतले धागे दिसत होते. तिने बोटाने पॉलिश पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"खाचा कशाला असतात माहिती आहे? रस्त्यावरचं पाणी चाकाखालून बाहेर जायला. इथे पाण्याला जायला वाटच नाही. पण काकू, पंचनाम्यात तर रस्ता कोरडा आहे. पाणी कुठून आलं?"

मी खाली वाकून त्या खाचेत स्वतःचं नख घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चालत वळणावर गेले. चप्पल काढून हातात घेतली. एक टेम्पो आला, खिडकीतून हात बाहेर आला, दोरी ओढली गेली. मागे पांढरट पाण्याचा पट्टा पडत गेला. मग दुसरा. तिसऱ्याचा ड्रायव्हर ओरडला, "मावशे, बाजूला हो, दोरी वडतंय." मी त्या पट्ट्यावर अनवाणी पाय ठेवला. तळपायाने लगेच ओळखलं. धक्काच होता तो. नव्या सुनेला आपटणारा आमचा धक्का मी उचलून हमरस्त्यावर आणून टाकला होता, आणि मूठभर वाळू टाकायलाही तिथे कोणी नव्हतं.

तिथून पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन मी माझ्या पिकअपची दोरी कापली.

मग बोईसर गाठलं. टायरवाला तसाच गोड. "या ताई, बसा ताई."

"तुजे टायर कोरलेले हायत," मी म्हटलं.

"कोणते टायर, ताई?"

"माज्या गाडीचे चार. तू विकलेले."

"रोज किती गाड्या येतात ताई, मी कुठं लक्षात ठेवू? बिल दाखवा, आत्ता बघतो."

शेडच्या मागे पात्याचा तो माणूस होताच. लाल पातं, जळका वास. मी बोट दाखवलं. टायरवाल्याने मान न वळवता सांगितलं, "तो माझा माणूस नाही. सावलीला बसतो."

मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. नाक्यावरचे रिक्षावाले जवळ येऊन उभे राहिले, यावरून काय ते समजा. तो हसत राहिला. त्याला माहीत होतं की बिल मीच सोडलं होतं, आणि ते सोडताना मीच जिंकल्यासारखी हसले होते.

इन्स्पेक्टर मॅडमने मला सरळ सांगितलं होतं. टायर खराब होते हे ती अहवालात लिहील, पण खराब टायरवर गाडी चालवली तर कायदा चालकाला आणि मालकाला विचारतो. दुकानदाराचं नाव घालायला कागद लागतो, नाहीतर त्याची कबुली.

मग मी विक्रमगडच्या बाजूला ड्रायव्हरच्या पाड्यावर गेले. अकरा वर्षं तो माझ्याकडे आहे आणि त्याचं घर मी पहिल्यांदाच पाहिलं. तो एका हाताने नाचणीची कणसं खुडत होता, दुसरा हात गळ्यात बांधलेला. बायकोने पाणी दिलं आणि आत निघून गेली. तिने मला बस म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

"मावशी, म्हावरं कोन नेतं आता?" त्याने विचारलं.

"भाड्याची गाडी. तो निम्मं म्हावरं शिळं करून पोचवतो."

तो जरासा हसला. मग म्हणाला, "मी बिरेक दाबला व्हता."

"मला म्हायती हाय."

"तवा नवतं म्हायती."

"नवतं."

"तुमी बोलल्या त्ये हवालदारानं लिवलं. मी बोललो त्ये नाय लिवलं." रागाने नाही, हवामान सांगावं तसं तो बोलला. "अन् टायरमदी मी नख घातलं व्हतं, तवा तुमी म्हनल्या, म्हावरं हाय काय ते."

मी कणसं खुडू लागले. तासाभराने त्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, "त्या बाजूची पन ऱ्हायलीत."

परत येऊन मी जबाब लिहून दिला आहे. चालक झोपला होता हे मी रागात बोलले, मी रस्त्याकडे पाहतही नव्हते. वळणावर मासळीचं पाणी होतं, आणि ते चालत्या गाडीतून सोडायची युक्ती माझी. टायर मी घेतले, बिल मी नाकारलं, ड्रायव्हर तपासत होता त्याला मी उठवलं. प्रत्येक ओळीखाली सही केली आहे. टेम्पोवाल्यांना पुन्हा बैठकीला बोलावलं आणि त्या म्हाताऱ्याचा खड्डा खोदून घेतला. मी सांगितलं म्हणून चार जणांनी दोऱ्या कापल्या, बाकीचे म्हणतात, मावशी, युक्ती तर तुमचीच होती. त्यांच्याशी माझं भांडण चालू आहे आणि ते मी जिंकेन.

पण माझ्या जबाबाने अर्धंच काम होतं. पाणी होतं हे त्याने कळेल. नवे म्हणून विकलेले टायर त्या पाण्यावर का टिकले नाहीत, हे सांगणारा माणूस शेडमध्ये बसून ताई ताई करतोय.

तर ऐक, टायरवाल्या. माझ्या ड्रायव्हरला विचारतायत की तू ब्रेक का मारला नाहीस. त्याने मारला होता, आणि तुझ्या टायरने तो रस्त्यापर्यंत पोचू दिला नाही. हे उत्तर त्याने द्यायचं नाही, तू द्यायचं आहेस. सोमवारी अकरा वाजता, सुनावणीला. मी माझी कापलेली दोरी घेऊन येते आणि साहेबांच्या टेबलावर ठेवते. तू तुझं ते गरम पातं घेऊन ये आणि तिच्या शेजारी ठेव. नाही आलास तर मंगळवारी सकाळी मी तुझ्या शेडसमोर टोपली मांडून बसेन. रोज बसेन, आणि तुझ्याकडे टायर घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला खाचेत नख घालून बघायला शिकवेन. घासाघीस करू नकोस. या भावात मी एक पैसा कमी करणार नाही.